सोनोग्राफीचा कोर्स, आणि त्या कोर्सनंतर हातात न येणारा प्रोब

बारावीचा निकाल लागला की पुढचे दीड-दोन महिने माझ्या फोनला उसंत नसते. मी गेली बावीस वर्षं सरकारी रुग्णालयात एक्स-रे विभागात टेक्निशियन आहे, त्यामुळे नात्यातले, गावाकडचे, बायकोच्या माहेरचे, सगळे मला 'मेडिकल लाईनमधला माणूस' समजतात. प्रश्न ठरलेला असतो. "पोरीला सोनोग्राफीला घालायचं म्हणतोय. एक वर्षाचा कोर्स आहे, लाखभर फी आहे, नोकरीची हमी देतात. घालू का?"

आता प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो. पोस्ट मोठी आहे. पण फी भरायच्या आधी वाचाल तर लाखभर रुपये वाचतील.

आधी उत्तर, कारणं नंतर. भारतात आज सोनोग्राफीचं मशीन कायदेशीरपणे चालवायचं असेल तर डॉक्टर असावं लागतं. डॉक्टर म्हणजे किमान एमबीबीएस, आणि त्यावर रेडिओलॉजीचं किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण, नाहीतर नियमात सांगितलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. 'डिप्लोमा इन सोनोग्राफी टेक्नॉलॉजी' नावाचा कागद कितीही चकचकीत असला, त्यावर कितीही सोनेरी शिक्के असले, तरी त्या कागदावर तुमच्या मुलीला बाईच्या पोटावर प्रोब ठेवायचा अधिकार मिळत नाही. गरोदर बाई सोडा, किडनी स्टोनवाल्या काकांच्या पोटावरही नाही. कारण कायदा पेशंट बघत नाही, मशीन बघतो. ज्या मशीनने गर्भाचं लिंग कळू शकतं ते मशीन नोंदणीकृत हवं, आणि ते कोण वापरणार त्यांची नावंही त्या नोंदणीत हवीत.

जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे पांढरा ॲप्रन घातलेली हसरी मुलगी असते, मागे मशीन असतं आणि 'परदेशात प्रचंड मागणी' अशी ओळ असते.

यातली 'परदेशात मागणी' ही ओळ खोटी नाही, हीच तर गंमत आहे. अमेरिकेत डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर हा स्वतंत्र, मानाचा पेशा आहे. दोन वर्षांची असोसिएट डिग्री किंवा चार वर्षांची पदवी, त्यात भरपूर काळ रुग्णालयात प्रत्यक्ष काम, मग एआरडीएमएससारख्या संस्थेची परीक्षा. या संस्थेची स्थापना १९७५ची, म्हणजे हा पेशा तिथे काल-परवा उगवलेला नाही. परीक्षेचे दोन भाग. एक ध्वनिलहरींच्या भौतिकशास्त्राचा आणि मशीनचा, दुसरा तुमच्या विषयाचा: पोट, प्रसूती, हृदय, रक्तवाहिन्या, जे निवडाल ते. सोनोग्राफर स्कॅन करतो, ठरलेल्या सगळ्या प्रतिमा काढतो, मापं घेतो. त्या बघून डॉक्टर रिपोर्टवर सही करतो. इंग्लंडमध्ये तर बरेच सोनोग्राफर रिपोर्टही स्वतःच लिहितात. तिथे बहुतेकजण आधी रेडिओग्राफर किंवा मिडवाइफ असतात आणि मग अल्ट्रासाउंडचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करतात. गरोदरपणातली १८ ते २१ आठवड्यांची मोठी तपासणी तिकडे सर्रास सोनोग्राफरच करतात, डॉक्टर नाही.

म्हणून आपल्याकडचा एजंट म्हणतो, इथे कोर्स करा, तिकडे जा. पण त्या परीक्षांना बसायला शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष पेशंटवर केलेल्या कामाचा दाखला लागतो. जिथे प्रोबला हात लावायलाच बंदी आहे, तिथे तो दाखला कोण देणार? दिला तर तो खोटा, किंवा खरा असेल तर गुन्ह्याचा पुरावा! दोन्हीपैकी काय बरं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मागच्या वर्षी ओळखीतली एक मुलगी भेटली. हुशार पोर, बारावी सायन्सला चांगले मार्क. एक वर्षाचा असा कोर्स केला. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून नव्वद हजार भरले. आता एका सेंटरवर आहे, आठ हजार पगार. काम काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "काका, मशीन चालू करते, बंद करते. पेशंटला झोपवते, जेल लावते, नंतर पुसायला टिश्यू देते. आणि दिवसभर एफ फॉर्म भरते." एफ फॉर्म म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी भरायचा तो नमुना: नाव, पत्ता, आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, बाईचं लेखी निवेदन, डॉक्टरचं लेखी निवेदन. महत्त्वाचंच काम आहे. पण त्यासाठी नव्वद हजार आणि एक वर्ष? ते आठ दिवसांत शिकता येतं.

तिला मी विचारलं, तुला चित्र कळतं का? म्हणाली, "डॉक्टर करतात तेव्हा मागून बघून बघून थोडं कळायला लागलंय. पण कुणाला सांगू नका."

हे 'मागून बघून' प्रकरण जरा समजून घेतलं पाहिजे. एक्स-रे माझा विषय, म्हणून फरक सांगू शकतो. एक्स-रे मी इथे काढला आणि तो मुंबईच्या डॉक्टरने बघितला तरी त्याला तेच दिसतं जे इथल्या डॉक्टरला दिसेल. फिल्म पेशंटपासून वेगळी होते. सोनोग्राफीत तसं नाही. तिथे चित्र हातातून तयार होतं. प्रोब चार अंशांनी कलला तर पित्ताशयातला खडा दिसेनासा होतो. आवाज हवेतून जात नाही, हाडातून जात नाही. त्यामुळे आतड्यातला गॅस, बरगड्या, पेशंटचा लठ्ठपणा, भरलेलं किंवा रिकामं मूत्राशय, या सगळ्यांशी झटापट करत वाट काढावी लागते. खड्याच्या मागे काळी सावली पडते, पाण्याच्या गाठीच्या मागे उलट उजेड पडतो. कुठली सावली खरी आणि कुठला भास, हे पुस्तकातून कळतं पण हातात यायला शेकडो पेशंट जावे लागतात. जे काढलंच नाही ते चित्र नंतर कुणालाच दिसत नाही, कितीही मोठा तज्ज्ञ आणून बसवा. म्हणूनच ज्या देशांत हा पेशा आहे तिथे त्याचं प्रशिक्षण एवढं कडक आहे. (आणि खांदे-मनगटं कामातून जातात ते वेगळंच. सोनोग्राफरांमध्ये खांदेदुखी हा पेशाचा आजार मानतात.)

आता कायद्याकडे येतो. कारण इथे मित्रमंडळींत दोन टोकाची मतं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत.

आपल्याकडे सोनोग्राफी ही नुसती तपासणी राहिली नाही. ती हत्यार झाली. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वात आधी गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा केला. मग १९९४चा केंद्राचा कायदा आला, १९९६पासून लागू झाला, २००३मध्ये तो आणखी कडक झाला आणि त्याला आजचं पीसीपीएनडीटी हे नाव मिळालं. एवढं होऊनही ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात २००१च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४वर आल्या. बीड जिल्ह्यात ८०७. आकडा पुन्हा वाचा. आपल्याच राज्यातला आहे. 'पेढा की बर्फी' हे शब्द मिठाईच्या दुकानातले राहिले नव्हते त्या काळात. त्यामुळे कायद्याने प्रोब मोजक्याच हातांत ठेवला, एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर काम करायला बंदी घातली, पोर्टेबल मशीन घेऊन गावोगाव फिरायला बंदी घातली, तेव्हा त्यामागे कारण होतं. मशीनला हात लावणारा माणूस जितका जास्त, तितकी कानात कुजबुजणारी तोंडं जास्त. ही भीती खरी आहे. ज्यांना हा कायदा म्हणजे नुसता इन्स्पेक्टर राज वाटतो, त्यांनी बीडचा आकडा समोर ठेवून बोलावं.

पण दुसरं टोक असं, की डॉक्टरच्या हातात प्रोब आहे म्हणजे मुली सुरक्षित. हे कुठून आलं? परळीच्या २०१२च्या प्रकरणात पुढे शिक्षा झाली ती डॉक्टर दांपत्यालाच. २०१७ला म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तिथेही दारावर डॉक्टर म्हणूनच पाटी होती. दहावी पास टेक्निशियनने हा धंदा उभा केलेला नाही. धंदा पदवीधरांनी केला आणि बंदी पदवी नसलेल्यांवर पडली, असंही म्हणता येईल. मी ते म्हणत नाही, कारण बंदी नसती तर दोघांनी मिळून केला असता.

आता या कडकपणाची किंमत कोण मोजतंय ते बघू.

तालुक्याच्या कित्येक रुग्णालयांत सोनोग्राफी मशीन आहे. वर कापड टाकलेलं असतं. नोंदणीचा कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी असते आणि ती शंभर टक्के खरी असते, कारण येथे कुठलंच निदान केलं जात नाही. रेडिओलॉजिस्ट नाही. असला तर आठवड्यातून एक दिवस बाहेरून येतो, किंवा महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी. त्या दिवशी बायकांची रांग पोर्चपर्यंत येते. सकाळी पाणी पिऊन, पोट तुडुंब करून बसलेल्या बायका. दुपारी तीन वाजता नंबर लागतो तोवर दोनदा बाथरूमला जाऊन आलेल्या असतात, मग पुन्हा पाणी प्या.

आणि ज्यांचा नंबर लागत नाही त्यांना पुढची ९ तारीख.

बाहेरच्या माणसाला वाटेल, महिनाभराने काय बिघडतं? बिघडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी. बाळाच्या मणक्यात, मेंदूत, हृदयात काही दोष आहे का ते बघायची खरी वेळ १८ ते २० आठवडे. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यातली मर्यादा २० आठवडे, आणि ठराविक परिस्थितीत २४. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. आता हिशोब करा. बाई १९व्या आठवड्यात आली, नंबर लागला नाही, पुढच्या महिन्यात आली तेव्हा २३ आठवडे झालेले. दोष दिसला. जिल्ह्याला पाठवली. तिथे पुन्हा तपासणी, दोन दिवस बसचे, नवऱ्याला सुट्टी नाही. चोविसावा आठवडा उलटला. आता मंडळ, अर्ज, कागद. शहरातली बाई हाच दोष विसाव्या आठवड्याच्या आत बघून, दोन डॉक्टरांचं मत घेऊन, शांतपणे निर्णय घेते. कायदा एकच आहे. फक्त एकीकडे प्रोब धरणारा हात रोज असतो आणि दुसरीकडे ९ तारखेला असतो.

मग करायचं काय?

उत्तर अर्धं तरी नियमपुस्तकात आधीच लिहिलेलं आहे. जानेवारी २०१४मध्ये केंद्राने नियम काढले: एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं, ३०० तासांचं सोनोग्राफीचं प्रशिक्षण, लॉगबुक, शेवटी परीक्षा. म्हणजे आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातला, ग्रामीण रुग्णालयातला मेडिकल ऑफिसर तयार करायचा. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचं म्हणणं, सहा महिन्यांत सोनोग्राफी येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या नियमाच्या विरोधात निकाल दिला, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. रेडिओलॉजिस्टांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. वर लिहिलंच आहे, हे हाताचं काम आहे. तीन वर्षं एमडी केलेल्याचं आणि ३०० तासवाल्याचं चित्र सारखं असणार नाही. पण तालुक्यातल्या बाईसमोर 'एमडी की सहा महिनेवाला' असा पर्यायच नाही. 'सहा महिनेवाला की कापड टाकलेलं मशीन' असा आहे. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, ठोके आहेत का, जुळं आहे का, वार खाली आहे का, पाणी कमी आहे का, एवढं जरी त्याला नीट सांगता आलं आणि शंका आली तिथे वेळेत वर पाठवता आलं, तरी पुष्कळ.

माझी तक्रार वेगळी आहे. एवढं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरची वर्षभरात बदली होते अशा ठिकाणी, जिथे मशीनच नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जिथे मशीन आहे तिथे प्रशिक्षित माणूस किमान तीन वर्षं हलवायचा नाही, एवढा साधा नियम करायला कुठल्या कोर्टात जावं लागत नाही.

आणि टेक्निशियनचं काय? इथे मी माझ्या जातभाईंची बाजू घेणार, आधीच सांगतो. २०२१मध्ये संसदेने ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी आणि इमेजिंगच्या गटात डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नाव छापलेलं आहे. म्हणजे एक कायदा म्हणतो हा पेशा आहे, दुसरा म्हणतो याने मशीनला हात लावायचा नाही. आणि या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत गाळा भाड्याने घेऊन इन्स्टिट्यूटवाले बसलेत. त्यांना दोन्ही कायदे पाठ आहेत. विद्यार्थ्याला पहिलाच दाखवतात.

माझं म्हणणं, ही फट सरकारने बुजवावी. गर्भारपणाची सोनोग्राफी डॉक्टरकडेच राहू द्या, त्याबद्दल आज तरी माझा वाद नाही. पण यकृत, किडनी, थायरॉईड, पायातल्या शिरा, यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पूर्ण वेळ, निदान तीन वर्षांचा अभ्यासक्रम असलेले सोनोग्राफर तयार करून बघायला काय हरकत आहे? रेडिओलॉजिस्ट शेजारच्या खोलीत, प्रत्येक प्रतिमा साठवलेली, रिपोर्टवर सही त्यांचीच. मशीनचा गैरवापर होईल म्हणाल, तर कोल्हापूरने 'सायलेंट ऑब्झर्व्हर' लावून दाखवलं होतं की मशीनवर काय चाललंय याची नोंद ठेवता येते. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख. रेडिओलॉजिस्ट कोर्टात गेले, २०११ला मुंबई उच्च न्यायालयाने ते उपकरण वैध ठरवलं. त्यानंतर तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेलं. रेडिओलॉजिस्टचा दिवसातला निम्मा वेळ किडनी स्टोन मोजण्यातून सुटला, तर तो कुठे वापरायचा ते ९ तारखेच्या रांगेला विचारा.

यासाठी नियम बदलावा लागेल आणि तो होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेली मुलं आहेत त्यांच्यासाठी.

सोनोग्राफीच करायची असेल तर सरळ रस्ता एकच: नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग रेडिओलॉजी. लांब आहे, पण तोच आहे. तेवढं जमणार नसेल आणि इमेजिंगचीच आवड असेल, तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा रेडिओग्राफीचा पदवी अभ्यासक्रम बघा. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी ही कामं टेक्निशियन कायदेशीरपणे करतो. तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, छातीवर किरणोत्सर्ग मोजायचा बिल्ला असतो, पात्र माणसाशिवाय मशीन चालवता येत नाही. म्हणजे तुमच्या पात्रतेला किंमत आहे. पगार सुरुवातीला कमीच, ते लपवत नाही. पण काम खरं आहे.

आणि तरीही इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात जाऊन बसलातच, तर तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठाचं? महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत त्यावर नोंदणी होते का? प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात शिकवणार, आणि तिथे माझी मुलगी स्वतः स्कॅन करणार का? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणाले तर म्हणावं, हे लेटरहेडवर लिहून द्या. पावतीवरही कोर्सचं पूर्ण नाव लिहून मागा. माझ्या ओळखीतल्या त्या मुलीच्या पावतीवर नव्वद हजारांसमोर 'कॉम्प्युटर व कौशल्य प्रशिक्षण' असं लिहिलंय.